पाहुण्यांना येळवशीला बोलवा

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकर्त्यांनी आम्हां दोघांना विषय दिला तो असा : परदेशातले नातेवाईक गाडीनं फिरायला येतात, त्यांची सहल कशी आखायची? विषय ऐकून काहींना हसू आलं असेल. पण दिवाळी झाली की इथल्या किती घरांत हे फोन सुरू होतात, ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. "काका, आम्ही नऊ जण आहोत, दोन गाड्या करतोय, सहा दिवस हातात आहेत. काय काय बघायचं ते लिहून पाठवा ना."

आमच्या नात्यातल्या एका कुटुंबानं अशीच आपली यादी आधी पाठवली होती. हैदराबाद, बिदर, हंपी, बदामी, गोवा, आणि परत हैदराबाद. सहा दिवसांत. बिदरला अर्धा दिवस आणि गुलबर्ग्याला वाटेत चहा. बरोबर अठ्ठ्याहत्तर वर्षांची आजी, गुडघे दुखणारी, आणि शेवटचं आपल्याकडे येऊन सात वर्षं झालेली. आम्ही त्यांना एवढंच विचारलं, "ही सहल नक्की कोणासाठी आहे?" दोन दिवस उत्तर आलं नाही. मग मुलाचा फोन आला. "आईला एकदा सगळं दाखवायचंय. पुढच्या खेपेला जमेल की नाही, सांगता येत नाही." मग हंपी कशाला? हंपी सुंदर आहे, पण आजीचं तिथं काही नाही. तिचं आहे ते या दोन जिल्ह्यांत.

तेव्हा पहिलं काम स्थळांची यादी करण्याचं नाही. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसायचं आणि तीन गोष्टी लिहून घ्यायच्या : गाव कोणतं, कुलदैवत कोणतं, आणि लहानपणी कोणत्या जत्रेला जात होता. सहलीचा निम्मा रस्ता तिथंच ठरतो.

गाव शोधताना एक अडचण हमखास येते, ती आधीच सांगतो. आजोबांच्या दाखल्यावर 'जिल्हा बिदर' लिहिलेलं असतं आणि पोरं नकाशात बिदर जिल्हा धुंडाळून थकतात. गाव काही सापडत नाही. कारण निजामाच्या राज्यात उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यात होते. 1 नोव्हेंबर 1956 ला भाषावार प्रांत झाले, तेव्हा ते उस्मानाबाद जिल्ह्यात गेले आणि 1982 साली नव्या लातूर जिल्ह्यात आले. भालकी, औराद, कल्याण, हुमनाबाद इकडेच राहिले. म्हणजे एकाच दाखल्यावरचा 'बिदर' कधी आज महाराष्ट्रात निघतो, कधी कर्नाटकात. आता उस्मानाबादचं धाराशिव झालं आहे आणि गुलबर्ग्याचं कलबुर्गी. ज्या पोराचा जन्म तिकडचा, त्यानं हे कुठून ओळखायचं? ते आपणच सांगायला हवं. शिवाय जमिनीचे जुने कागद बऱ्याच घरांत उर्दूत आहेत. ते वाचणारा माणूस गावात आहे तोवर वाचून घ्या. सहल होवो न होवो.

दुसरं, केव्हा यायचं. तिकडच्या शाळांची मोठी सुट्टी उन्हाळ्यात असते, तेव्हा इकडे पावसाळा. एप्रिल-मेमध्ये गुलबर्ग्याला कोणी पाहुणा बोलवत असेल, तर त्याचं पाहुण्याशी भांडण असावं. राहिली नाताळची सुट्टी. आणि आपलं भाग्य असं की आपला सगळ्यांत मोठा सण बहुतेक वर्षी त्याच सुमाराला येतो. मार्गशीर्षातली अमावास्या, वेळ अमावास्या, आपली येळवस. कधी डिसेंबरच्या उत्तरार्धात, कधी जानेवारी सुरू झाल्यावर. तारीख दरवर्षी बदलते, म्हणून विमानाची तिकिटं काढण्याआधी पंचांग बघायला सांगा.

पुण्या-मुंबईच्या मराठी माणसालाही येळवस माहीत नसते. ती लातूर, धाराशिव, बिदर, गुलबर्गा या पट्ट्यातली. नावच मुळी कानडीतून आलेलं. ज्वारी उभी असते, हरभरा घाट्याला आलेला असतो. शेतात कडब्याची कोप करायची, आत चुना लावलेले पांडव मांडायचे, लक्ष्मी मांडायची. डोक्यावरच्या टोपल्यांतून घरून जेवण न्यायचं : ताकात शिजवलेली, सगळ्या पालेभाज्या आणि ओल्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, भाकरी, गव्हाची खीर आणि मडक्यात आंबील. पूजा झाली की आंबील शेतात शिंपडत फिरायचं आणि आरोळी द्यायची. आरोळी कानडी वळणाची. आपल्यातल्या निम्म्यांना तिचा अर्थ सांगता येत नाही, पण ती चुकत कोणाचीच नाही.

ज्या कुटुंबाची गोष्ट सांगतो आहोत, त्यांना आम्ही येळवशीला बोलावलं. शेत आमचं नव्हे. आमची जमीन कधीच विकली गेली. भालकीजवळच्या एका स्नेह्याचं शेत. त्या घरात कानडी बोलतात, आम्ही मराठी, आणि आलेली मुलं इंग्रजी. आजी कोपीजवळ सतरंजीवर बसल्या आणि आंबील घेताना म्हणाल्या, "लसूण कमी पडलाय." सात वर्षांनी आलेल्या बाईचं हे पहिलं वाक्य. यजमानीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, पुढच्या वर्षी तुम्हीच घाला. चौदा वर्षांचा नातू फोन बाजूला ठेवून दुपारभर झोक्यावर होता. त्याला किल्ले, मशिदी, देवळं यांतलं काय लक्षात राहील कोण जाणे. ती दुपार राहील.

आता रस्ता. शमशाबादच्या विमानतळावरून बिदर दीडशे किलोमीटरच्या आसपास. उतरल्या दिवशी एवढंच अंतर करू द्या, नि बिदरला दोन मुक्काम. किल्ल्यात मुलांना घेऊन जायचं तर दामाजीपंतांची गोष्ट आदल्या रात्री सांगा. मंगळवेढ्याच्या दामाजीनं दुष्काळात सरकारी कोठारं लोकांना उघडून दिली, आणि पांडुरंग विठू महार होऊन पैसे भरायला आला तो याच बेदरच्या बादशहाच्या दरबारात, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकलेली. ती कथा ऐकलेलं मूल तख्तमहालाच्या समोर उभं राहून 'विठू कुठून आला असेल' असं विचारतं. न ऐकलेलं मूल 'अजून किती चालायचं' असं विचारतं. रंगीन महालातलं काळ्या दगडात बसवलेलं शिंपल्याचं काम बघायला मिळालं तर चुकवू नये. मोठ्या मुलांना महमूद गवानची मदरसा दाखवा. 1472 ची. इराणातून आलेला हा वजीर, बनावट पत्रावरून सुलतानानं 1481 मध्ये त्याला मारलं. ही हकीकत कोणत्याही पोराला जागं ठेवते. बिदरीचं काम दुकानात नको, कारखान्यात दाखवा. जस्त-तांब्याच्या भांड्यावर चांदी ठोकून बसवतात आणि किल्ल्यातली माती लावली की भांडं काळं होतं, चांदी तशीच राहते. ते डोळ्यांसमोर होताना बघण्यात मजा आहे.

झरणी नरसिंहाचा मोह मात्र आवरा. कमरेच्या वर पाण्यातून, वटवाघळांच्या भुयारातून जावं लागतं. धडधाकट माणसानं जरूर जावं. आजींना बाहेर बसवून ठेवायचं असेल तर त्यापेक्षा नानक झिऱ्यावर लंगरचं जेवण बरं, सगळे एका पंगतीत बसतात.

बिदर ते गुलबर्गा सव्वाशे किलोमीटरच्या आत. सरळ गेलात तर दुपारपर्यंत पोचाल, पण सरळ जाऊ नका. हुमनाबादला माणिकनगर आहे. माणिकप्रभूंनी (1817-1865) पदं रचली ती मराठीत, कानडीत आणि हिंदीतही. आपल्या घरात जेवताना तीन भाषा चालतात त्याला कोणी नावं ठेवली, तर प्रभूंचं नाव सांगा. पुढं बसवकल्याणला वळा. बसवण्णांच्या शरणांचं हे कल्याण, आणि त्यांच्या आधी चालुक्यांची राजधानी. 'मिताक्षरा' लिहिणारा विज्ञानेश्वर इथल्याच दरबारचा. आणि राजा सोमेश्वर तिसरा यानं 1129 च्या सुमारास 'मानसोल्लास' रचला, त्यात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. ओवीच्या सगळ्यांत जुन्या उल्लेखांपैकी हा एक, आणि तो कल्याणच्या राजानं लिहिलेला. हे आम्ही गाडीत सांगितलं तेव्हा आजी काही बोलल्या नाहीत. चार-पाच मैल गेल्यावर त्यांनी हळूच एक ओवी म्हटली, आईची. मुलानं ती टिपून घेतली. त्याला ती आधी कधीच ऐकायला मिळाली नव्हती.

गाणगापूर गुलबर्ग्याहून एका दिवसात होतं, पण गुरुवार आणि पौर्णिमा टाळा. दत्तजयंती तर टाळाच, म्हातारं माणूस बरोबर असेल तर. गुरुचरित्रात एक रजक आहे. श्रीपाद श्रीवल्लभांची सेवा करणारा तो परीट पुढच्या जन्मी वैदुरानगरीचा मुसलमान राजा होतो आणि फोड बरा व्हावा म्हणून नृसिंहसरस्वतींना शोधत गाणगापुराला येतो. वैदुरानगरी म्हणजे आपलं बिदर. म्हणजे बिदर ते गाणगापूर ही सहल पोथीतच आखलेली आहे. ग्रंथकर्ते सरस्वती गंगाधर कानडी घरातले आणि पोथी लिहिली मराठीत, हेही मुलांना सांगा.

दुपारच्या माधुकरीचा प्रसंग नाजूक असतो. पाच घरी भिक्षा मागायची म्हटल्यावर सूनबाई गोंधळल्या आणि नऊ वर्षांच्या नातीनं विचारलं, "आपल्याकडे पैसे आहेत, मग भीक का मागायची?" आम्ही समजावायला जाणार, तेवढ्यात आजी म्हणाल्या, "म्हणूनच मागायची." आणि काठी टेकत पहिल्या दारात उभ्या राहिल्या. कोणावर सक्ती मात्र करू नका. ज्याला गाडीत बसायचं त्याला बसू द्या.

शेवटचा दिवस कुलदेवीचा. आपल्या बऱ्याच घरांची चंद्रलांबा सन्नतीची, भीमेच्या काठी. याच देवळाच्या आवारात 1986 साली कालीच्या मंदिराचं छत कोसळलं आणि मूर्तीच्या बैठकीचा दगड अशोकाच्या आज्ञांचा निघाला. जवळच कनगनहळ्ळीला स्तूपाचे अवशेष आहेत. तिथल्या एका शिल्पावर ब्राह्मीत अशोकाचं नाव कोरलेलं आहे. ओटी भरणाऱ्यांना एक आणि इतिहास शिकणाऱ्या पोराला दुसरं, असं एकाच फेरीत मिळतं. आम्ही इथं हात वर करायला सांगत नाही, पण आपल्यापैकी किती जणांची मुलं सन्नतीला गेली आहेत? परदेशची येतात म्हणून निदान आपली निघतात.

थोडं रोखठोक. गाडी इथलीच करावी आणि चालक मराठी-कानडी दोन्ही बोलणारा असावा. स्वतःच चालवायचा हट्ट असेल तर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट त्यांच्याच देशातून काढून आणायला सांगा. पण अंधार पडल्यावर कोणीही चालवू नये. डिसेंबरात आपल्या रस्त्यांवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या असतात, मागं दिवा नसतो आणि कुठं कुठं रस्त्यावरच तूर पसरलेली असते. लहानग्याची गाडीतली खुर्ची त्यांनीच आणावी. इकडच्या भाड्याच्या गाडीत ती मिळेल या भरवशावर राहू नये. ज्यांच्याकडे ओसीआय कार्ड आहे त्यांनी ते जवळ ठेवावं, स्मारकांचं तिकीट भारतीयांच्या दरानं मिळतं. आजी बरोबर असतील तर दर दोन तासांनी थांबायचं आणि कुठं थांबायचं ते आधी ठरवायचं, कारण स्वच्छ स्वच्छतागृह ही आपल्याकडे शोधून ठेवण्याचीच गोष्ट आहे.

आणि रात्री पाहुण्यांना लॉजवर झोपू द्या. "घर असताना लॉज?" म्हणून आपण रुसतो. नऊ माणसं, एक न्हाणीघर, नी वेळा बदललेली पोरं रात्री दोनला जागी. सकाळी आंघोळ करून जेवायला घरी आली, म्हणजे दोन्हीकडे समाधान. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून द्यायला विसरू नका. ती विमानात टिकते.

यंदाही तीन घरांनी आम्हाला विचारलं आहे. त्यांतल्या दोघांना शेत हवं आहे. ज्यांच्या शेतात यंदा कोप होणार आहे आणि पाच-दहा माणसं जास्त चालतील, त्यांनी आरतीनंतर आमच्याकडे नाव द्यावं. गाव, बांधापर्यंत गाडी जाते का, आणि म्हाताऱ्या माणसाला बसायला खाट मिळेल का, एवढं लिहिलं की पुरे. आंबिलीला लसूण आम्ही घेऊन येऊ.