हंडाभर वीज



आमच्या घरात वीज आली तेव्हा मी चौथीत होतो. ओटीवर साठ वॉटचा एकच बल्ब. अम्मीनं बिस्मिल्ला म्हणून बटण दाबलं आणि अब्बा म्हणाले, “हा दिवा पाण्यावर जळतो बरं का.” अब्बा अलोऱ्याच्या कॉलनीत शिंपीकाम करायचे. कोयना प्रकल्पातल्या साहेबांच्या पँटी शिवता शिवता त्यांना बरीच माहिती झाली होती. मला मात्र कोडं पडलं. पाण्यावर जळतो, तर पावसात दिवा मोठा व्हायला हवा. आमच्याकडे पहिल्या सरीलाच तो जायचा!

पुढे बी. ए. झालो, कविता लिहू लागलो, पण ते कोडं डोक्यात राहिलंच. मेहुणा डिप्लोमावाला आहे, त्यानं ते हंड्याच्या भाषेत सोडवून दिलं. कोयना महाबळेश्वरला उगम पावते, दक्षिणेकडे वाहते आणि हेळवाकजवळ वळून कऱ्हाडला कृष्णेला मिळते. म्हणजे तिचं पाणी जायचं पूर्वेला, बंगालच्या उपसागरात. धरण बांधून ते अडवलं, सह्याद्रीच्या पोटातून बोगदे काढले आणि पाणी पश्चिमेला वळवून पोफळीला डोंगराच्या आतल्या वीजघरात सोडलं. पडण्याची उंची सुमारे पावणेपाचशे मीटर. एवढ्या उंचीवरून हजार लिटर पाणी पडलं की साधारण एक युनिट वीज होते. पंधरा लिटरचा हंडा धरला, तर आमचा तो साठ वॉटचा बल्ब पंधरा-सतरा मिनिटं जळेल. आजचा नऊ वॉटचा एलईडी पावणेदोन तास.

मी अम्मीकडे पाहिलं. ती आयुष्यभर हंडा घेऊन चढ चढत आली. आमची वाडी नदीपासून साठेक मीटर उंच आहे. तिच्या त्या चढण्याचं कुठलं युनिट झालं नाही.

असो. पोफळीचं पाणी तिथंच थांबत नाही. कोळकेवाडीला पुन्हा अडवून, पुन्हा पाडून वीज काढतात. चौथ्या टप्प्यासाठी नवजाजवळ भरल्या जलाशयाच्या तळाला खालून भोक पाडलं, १३ मार्च १९९९ रोजी. ‘लेक टॅपिंग’ हा शब्द तेव्हा आमच्याकडे रिक्षावाल्यांच्याही तोंडी होता. सगळे टप्पे मिळून क्षमता १,९६० मेगावॉट. याचा अभिमान मला आहे, तो लपवायचं कारण नाही. गिरण्या, लोकल, दवाखाने यांना या पाण्यानं हात दिला.

पण या उजेडाची किंमत वर घाटमाथ्यावर मोजली गेली. कॉलेजात माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याच्या आजोबांचं गाव शिवसागराच्या पाण्याखाली गेलेलं. एकदा सुट्टीत तो आमच्याकडे आला. नदीवर अंघोळीला गेलो, तर काठावर उभा राहून म्हणाला, “हे आमच्याकडचंच ना रे?” मी हो म्हणालो. पाण्यात उतरायला त्यानं जरा वेळ घेतला. वरच्या लोकांना ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंपही सोसावा लागला. त्यात दीडशेहून अधिक माणसं गेली. मी नंतर जन्मलो, पण आमच्या मोहल्ल्यात म्हाताऱ्या माणसांची वयं अजून ‘भूकंपाच्या आधी’ आणि ‘भूकंपानंतर’ अशीच मोजतात.

वीज झाल्यावर हे पाणी वाशिष्ठीला मिळतं. म्हणून ती मे महिन्यातही वाहती असते. कोयनेची वीज मुख्यतः मागणी वाढेल त्या वेळची. शहरात संध्याकाळी दिवे लागले, पंखे फिरले, की इथं काही वेळानं नदी चढते. मागणी उतरली की उतरते. काठावर कपडे धुणाऱ्या बायकांना हे घड्याळ पाठ असतं. “मुंबईवाले जागे झाले, बादल्या वर घ्या,” असं आमची खाला म्हणायची. ती मुंबईला आयुष्यात एकदाच गेली होती, हजला जाणाऱ्यांना पोचवायला.

या पाण्याला सरकारी कागदात ‘अवजल’ म्हणतात. शब्दांचा धंदा करणारा माणूस मी, मला हा शब्द टोचतो. अवगुण, अवकृपा, अवदसा, आणि त्यांच्या पंगतीत हे पाणी! काय बिघडलंय त्याचं? पात्यांवर पडून आलं एवढंच. पश्चिमेकडे वळवण्यासाठी कृष्णा लवादानं वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. लिटरमध्ये सांगायचं तर एक लाख नव्वद हजार कोटी. यातलं बहुतेक दाभोळच्या खाडीत जातं. ते मुंबईकडे न्यायचं, अशी चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. न्या, मुंबईही आपलीच आहे. पण एप्रिल लागला की याच नदीच्या दोन्ही अंगांच्या डोंगरवाड्यांत टँकर फिरतात, त्याचं काय? खाली उतरावं तर खाडीजवळ भरतीचं खारं पाणी आत येतं. डोळ्यांना नदी दिसते, पण हंड्यात येत नाही.

आमच्या गावात नळयोजना झाली. नदीकाठी जॅकवेल, वाडीवर टाकी. दोन उन्हाळे नळाला पाणी आलं. तिसऱ्या वर्षी बिल थकलं आणि पंपाची वीज तोडली. थकबाकी कुणाच्या चुकीनं झाली यावर ग्रामसभेत तीन तास भांडण झालं, मीही भांडलो. बिल भरायलाच हवं, त्यात वाद नाही. मेहुण्यानं मात्र नंतर एक हिशेब मांडून दाखवला. तेच पाणी आमच्या टाकीत चढवायला, पंपातली घट धरूनही, त्यानं पोफळीला पडताना दिलेल्या विजेचा चौथा हिस्सासुद्धा लागत नाही. तेवढी वीज नदीकाठच्या नळयोजनांसाठी बाजूला काढून ठेवा, असं माझं मागणं आहे. फुकट नको, पण परवडेल अशा दरानं द्या. आणि हे पाणी कुठं न्यायचं ते ठरवाल तेव्हा पहिला नळ या दोन काठांवर बसवा. वरच्या खोऱ्यातून उठलेल्या लोकांचं जे देणं बाकी असेल, तेही त्याच बैठकीत काढा.

अम्मी आता ऐंशीच्या पुढे आहे. हंडा सुटला, पण संध्याकाळी ओटीवर बसून ती खाली कान देते. परवा मला म्हणाली, “पाणी सोडलंनी वाटतं.” मी वाकून पाहिलं. नदी चढली होती. आमच्या अंगणातला नळ मी सवयीनं फिरवून पाहिला. नुसती हवा आली.