पटावरचं नाव

कविता लिहिणाऱ्या माणसानं यादीविषयी काय बोलावं, असं कुणाला वाटेल. पण आटपाडी तालुक्यातल्या शाळांच्या काव्यवाचन स्पर्धेचं काम करताना मला एक गोष्ट पटली. कविता नंतर, आधी यादी. यादीत नाव नसेल तर मूल व्यासपीठापर्यंत पोचतच नाही.

पूर्वी ही यादी फुलस्केप कागदावर व्हायची. आता संगणकावर स्पर्धेसाठी तयार प्रोग्राम मिळतात. त्यांची रीत सरळ आहे. आधी शाळा, शाळेत इयत्ता आणि तुकडी, तुकडीत विद्यार्थी. उतरंडच म्हणा ना. खालचं मडकं नीट बसलं नाही तर वरचं डुगडुगणारच.

शाळा नुसत्या नावानं ओळखायला गेलात तर घोटाळा होतो. 'जिल्हा परिषद प्राथमिक शाळा' ही पाटी वाडीवाडीवर आहे. म्हणून शाळेचा ११ आकडी यू-डायस क्रमांक लिहावा. त्यात पहिले २ आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढे जिल्हा, तालुका, गाव आणि शेवटी शाळा.

इयत्ता ही मुलाची कायमची खूण नव्हे, ती त्या वर्षापुरती. शिष्यवृत्ती परीक्षाच बघा. २०१६-१७ मध्ये ती चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीवर गेली आणि २०२५ मध्ये शासनानं ती पुन्हा चौथी-सातवीला घेण्याचं ठरवलं. म्हणून मूल एकदाच नोंदवावं आणि जून आला की पुढच्या तुकडीत सरकवावं. मागच्या वर्षीचं बक्षीस मग त्याच्याच नावावर राहतं.

आता नाव. रकाने तीन : आडनाव, नाव, वडिलांचं नाव. आमच्यात मुलाणी, शिकलगार, तांबोळी अशी आडनावं असली तर प्रश्न नाही. पण 'शेख' एक शाळा पुढे लिहिते, दुसरी मागे. एकाच मुलाची दोन मुलं होतात! हजेरी क्रमांक दरवर्षी बदलतो. जनरल रजिस्टरचा क्रमांक मात्र शाळा सोडेपर्यंत तोच. नावाशेजारी तो लिहिला की ओळख पक्की.

खरी अडचण पुढेच आहे. आपला मुलूख कमी पावसाचा. मेंढपाळ कळप घेऊन दूर जातात. गलाईवाले सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पांगलेत. आईबापांबरोबर मुलंही हलतात. याच तालुक्यातल्या माडगुळ्याच्या व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ मध्ये पुस्तकरूपात आली. तीत तरुण मास्तर मेंढक्यांच्या वाडीवर शाळा भरवतो आणि अखेर दुष्काळात वाडीच रिकामी होते. तिथल्या पटाचं जे झालं, ते थोडंफार अजूनही होतं.

एका वर्षी अशाच कुटुंबातली मुलगी नेमकी स्पर्धेच्या सकाळी परत आली. कविता तोंडपाठ. पण 'सतत गैरहजर' म्हणून शाळेनं तिचं नाव यादीतून काढलं होतं आणि नाव नाही म्हणून यंत्र क्रमांक देईना. परीक्षकांनी तिला ऐकलं, टाळ्याही पडल्या. निकालाच्या कागदावर मात्र ती आलीच नाही. तिनं कागद वरून खालपर्यंत दोनदा वाचला आणि काही न बोलता वहीत घडी करून ठेवला.

नाव गाळणं आणि गैरहजेरी मांडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यंत्राला दोन्ही येतात. कुठली कळ दाबायची ते माणसानं ठरवायचं. मूल दिसत नसेल तर 'गैरहजर' लिहावं. ते दुसऱ्या शाळेत गेलं असेल तर त्याची नोंद तिकडे सरकवावी. आणि स्पर्धेच्या सकाळी येणाऱ्यांसाठी प्रत्येक गटात चार-पाच ओळी मोकळ्या ठेवाव्यात.

शिक्षक मित्रांना एवढंच सांगणं आहे. यंदाची यादी पाठवण्याआधी ती एकदा वर्गात मोठ्यानं वाचा. कुणाचं नाव राहिलं, हे मुलं लगेच सांगतात.