तान्ह्या जिवाची सेवा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी दवाखान्यात तान्ह्या बाळांच्या वॉर्डात आया आहे. लोक म्हणतात, दुपटी बदलायची नि लादी पुसायची, यात कसलं आलंय मोठेपण? पण अडीच किलोहून कमी वजनाचं बाळ लवकर गार पडतं. त्याला आईच्या उघड्या छातीशी ठेवून पांघरूण घालणं, दर खेपेला साबणानं हात धुणं, आईला पाजायला बसवणं, यावर तो जीव तरतो.

हे मी मनाचं सांगत नाही. गडचिरोलीत डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गावातल्याच बायांना शिकवून आरोग्यदूत केलं. तिथं हजारी सुमारे ६२ नवजात बाळं दगावत. १९९८ पर्यंत हा आकडा २५ वर आला.

तथागतांनीही आजारी भिक्खूला स्वतःच्या हातानं धुतलं होतं. मग हे काम हलकं कसं?

दहिवलीच्या बहिणींनो, जन्मल्या दिवशी बाळाला आंघोळ घालू नका, मध-घुटी चाटवू नका, नाळेला काही लावू नका. पहिल्या तासात अंगावर पाजा. आणि आपल्या पोरीनं हे काम धरलं, तर चारचौघांत अभिमानानं सांगा.

जयभीम! नमो बुद्धाय!