बुद्धिबळाचे जगज्जेते इमानुएल लास्कर



बुद्धिबळाचा पट तुम्ही पाहिला असेल. चौसष्ट घरे. दोन्ही बाजूंना सोळा-सोळा मोहरे. राजा, वजीर, हत्ती, घोडा, उंट, आणि पुढे प्याद्यांची रांग. हा खेळ मूळचा आपल्या भारतातला. इथून तो इराणात गेला, अरबांकडे गेला आणि पुढे साऱ्या युरोपात पसरला. त्या युरोपात जर्मनी नावाचा देश आहे. तिथल्या एका खेळाडूची हकिगत आज आम्ही सांगणार आहोत. त्यांचे नाव इमानुएल लास्कर. ते सलग २७ वर्षे जगज्जेते होते. इतकी वर्षे सलग ते पद दुसऱ्या कोणाकडेही राहिलेले नाही.

लास्कर यांचा जन्म २४ डिसेंबर १८६८ रोजी बर्लिनखेन या लहान गावी झाला. ते गाव आज पोलंड देशात आहे. घराणे ज्यू धर्माचे. वडील प्रार्थनामंदिरात प्रार्थना गात. घरी पैसा बेताचाच. पण पोरगा हिशेबात भारी हुशार. म्हणून अकरा वर्षांचा असताना त्याला शिकायला बर्लिन शहरी थोरल्या भावाकडे धाडले. भाऊ डॉक्टरीचा अभ्यास करत होता. त्यानेच धाकट्याला बुद्धिबळ शिकवले. बर्लिनच्या कॉफीच्या दुकानांत लोक चार पैसे लावून डाव मांडत. दोघे भाऊ तिथे खेळून खर्चाला हातभार लावत. धाडले होते गणित शिकायला, आणि पोरगा बसला पटावर! पण बरं का, त्याने गणितही सोडले नाही. पुढे ते गणिताचे डॉक्टर झाले. १९०५ साली त्यांनी मांडलेला एक सिद्धान्त आजही मोठ्या विद्यालयांत शिकवतात. कायमची नोकरी मात्र त्यांना मिळाली नाही.

१८९४ साली त्यांनी जगज्जेत्या स्टाइनिट्झ यांना आव्हान दिले. लास्कर २५ वर्षांचे, स्टाइनिट्झ साठीच्या जवळ आलेले. लास्कर यांनी दहा डाव जिंकले, पाच गमावले, आणि ते जगज्जेते झाले. दोन-तीन वर्षांनी मॉस्को शहरात दोघे पुन्हा भिडले. तेव्हाही लास्करच जिंकले.

पुढे १९०० साली स्टाइनिट्झ वारले. ज्यांनी जगाला हा खेळ नीट विचार करून खेळायला शिकवले, ते शेवटी कंगाल होते. लास्कर यांनी हे पाहिले. मग खेळायला बोलावणे आले, की ते आधी मोबदला ठरवू लागले. तोही चांगला घसघशीत. लोक म्हणत, हा माणूस लोभी आहे. आम्हाला तसे वाटत नाही. सामना बघायला लोक पैसे मोजून येतात, वर्तमानपत्रे ते डाव छापून खपतात, आणि खेळणाऱ्याने तेवढे उपाशी राहायचे? नुसत्या शाबासकीने चूल पेटत नाही.

त्यांचे डोके किती थंड होते, हे १९१० साली दिसले. व्हिएन्नाचे श्लेख्टर यांच्याशी दहा डावांचा सामना होता. नऊ डाव झाले तरी लास्कर एका डावाने मागेच. शेवटचा डाव नुसता बरोबरीत सुटला असता, तरी सामना हातचा गेला असता. त्या डावातही त्यांची बाजू पडती झाली होती. पण ते चिवटपणे खेळत राहिले, श्लेख्टर चुकले, आणि डाव लास्कर यांनी मारला. सामना बरोबरीत सुटला आणि पद त्यांच्याकडेच राहिले.

मग पहिले महायुद्ध आले. लास्कर यांनी आपली शिल्लक जर्मन सरकारच्या युद्धकर्जात घातली होती. जर्मनी हरला, पैसा बुडाला. १९२१ साली क्यूबा देशातल्या हवाना शहरी तरुण कापाब्लांका यांनी त्यांना हरवले. एकही डाव लास्कर यांना जिंकता आला नाही. पण आपला मोबदला, अकरा हजार डॉलर, त्यांनी आधीच ठरवून घेतला होता. हरो की जिंको! तीनच वर्षांनी न्यूयॉर्कच्या स्पर्धेत त्यांनी कापाब्लांकांना मागे टाकून पहिला नंबर मिळवला. तेव्हा वय ५५.

यापुढे स्वस्थ बसावे, तर १९३३ साली हिटलर सत्तेवर आला. ज्यू लोकांचा छळ सुरू झाला. लास्कर आणि त्यांची पत्नी मार्था यांना देश सोडावा लागला. मागे राहिलेली मालमत्ता सरकारने घेतली. साठी उलटलेला माणूस पोटासाठी परत पटावर बसला.

१९३५ साली मॉस्कोला मोठी स्पर्धा भरली. वीस खेळाडू होते. लास्कर ६६ वर्षांचे. पहिले दोघे नंबर मिळवणारे बोट्विनिक आणि फ्लोर त्यांच्या नातवांच्या वयाचे. एकोणीस डाव झाले आणि लास्कर एकही हरले नाहीत. कापाब्लांकांवर तर त्यांनी डाव चढवला. पहिल्या दोघांपेक्षा फक्त अर्धा गुण कमी, म्हणून तिसरा नंबर.

काही काळ ते मॉस्कोतच राहिले. १९३७ साली अमेरिकेला गेले. तिथे न्यूयॉर्क शहरी ११ जानेवारी १९४१ रोजी ते वारले.

बुद्धिबळाचा डाव लिहून ठेवता येतो. पटावरच्या प्रत्येक घराला एक अक्षर आणि एक आकडा असे नाव असते. कोणते मोहरे कुठल्या घरी गेले, ते ओळीने लिहायचे. मॉस्कोचे ते एकोणीस डाव असेच लिहिलेले आहेत. समोर पट मांडावा, एकेक ओळ वाचावी आणि मोहरा सरकवावा.