अथेन्समधला फ्लॅट आणि पाच वर्षांचा परवाना



निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय ‘परदेशात घर, परदेशात वास्तव्य’. तो जगाएवढा मोठा आहे, म्हणून मी एका देशापुरतंच बोलणार आहे, ग्रीसपुरतं. हॉटेलांच्या हॉलमध्ये शनिवार-रविवारी परदेशी मालमत्तेची प्रदर्शनं भरतात, तिथं दुबईच्या शेजारी ग्रीसचंही टेबल असतं. दुबईबद्दल विचारायला आपला कुणी ना कुणी मावसभाऊ तिकडे असतो. ग्रीसबद्दल मात्र सगळं दलालाच्याच तोंडून ऐकावं लागतं.

2008नंतरच्या कर्जसंकटात ग्रीसची अर्थव्यवस्था जवळपास एक चतुर्थांशाने आक्रसली. अथेन्समधले फ्लॅट ओस पडले, गिऱ्हाईक नव्हतं. तेव्हा 2013 साली सरकारने कायदा केला: युरोपीय संघाबाहेरच्या माणसाने अडीच लाख युरोंची मालमत्ता घ्यावी, त्याला पाच वर्षांचा रहिवासी परवाना मिळेल आणि मालमत्ता नावावर आहे तोवर त्याचं नूतनीकरण होत राहील. पोर्तुगाल आणि स्पेन त्याच सुमारास पाच लाख मागत होते. ग्रीस निम्म्यात. चिनी गिऱ्हाईक लोटलं, आपले लोक बरेच नंतर पोचले.

परवान्यात मिळतं काय? नवरा-बायको, 21 वर्षांखालची अविवाहित मुलं आणि दोघांचेही आईवडील. (आपल्याकडे ही शेवटची तरतूद ऐकून काही चेहरे खुलतात, काही पडतात.) शेंगेन देशांत 180 दिवसांत 90 दिवस विनाव्हिसा फिरता येतं. वर्षातून इतके दिवस तिथं राहिलंच पाहिजे अशी सक्ती नाही. मिळत नाही ते असं: नोकरी करता येत नाही. आणि नागरिकत्वासाठी सात वर्षं तिथं खरोखर राहावं लागतं, ग्रीक भाषेची आणि इतिहासाची परीक्षा द्यावी लागते. वर्षातून आठवडाभर समुद्रकिनारी जाऊन येणाऱ्याला पासपोर्ट मिळत नसतो, दलाल काहीही सांगो.

आता मुद्द्यावर येतो. असा व्यवहार करणारा माणूस एका खरेदीखतात दोन वस्तू विकत घेतो, घर आणि परवाना. घराचा भाव बाजार ठरवतो, परवान्याचा सरकार. पण बिल एकच येतं, त्यामुळे कशाचे किती मोजले हे कळत नाही. एक लाख ऐंशी हजार युरोंना स्थानिक माणूस घेईल असा फ्लॅट परदेशी माणसाला नेमका अडीच लाखांना दाखवला जायचा, कारण त्याला कायद्याची रेषा गाठायचीच असायची. घासाघीस करून भाव खाली आणला तर परवानाच हातचा जातो! गिऱ्हाईकालाच भाव चढा हवा असतो असा बाजार मला तरी दुसरा माहीत नाही.

शिवाय सरकार ती रेषा हलवतं. 2023मध्ये अथेन्सच्या काही भागांत, थेसालोनिकी, मिकोनोस आणि सांतोरिनीत ती पाच लाखांवर गेली. 2024च्या कायद्याने अथेन्सचा संपूर्ण अटिका प्रांत, थेसालोनिकी, मिकोनोस, सांतोरिनी आणि 3,100पेक्षा जास्त वस्तीची बेटं यांना आठ लाखांची अट लागली, उरलेल्या देशाला चार लाखांची, आणि मालमत्ता एकच, किमान 120 चौरस मीटरची. अडीच लाखांची वाट उरली ती दुकान-कचेरीचं रूपांतर केलेल्या किंवा जतनयादीतल्या जुन्या वास्तूची दुरुस्ती केलेल्या घरांपुरती. ज्याने पूर्वी अडीच लाखांत छोटा फ्लॅट घेतला, त्याचा परवाना शाबूत आहे. पण तो फ्लॅट विकायला काढला तर पुढच्या परदेशी गिऱ्हाईकाला त्यावर परवाना मिळत नाही. उरतं ते नुसतं घर, आणि नुसत्या घराचा भाव. पोर्तुगालने ऑक्टोबर 2023मध्ये घराच्या बदल्यात परवाना देणं बंद केलं, स्पेनने 3 एप्रिल 2025पासून.

ग्रीक सरकारचं चुकलं असं मला वाटत नाही. अथेन्समध्ये पगारदार माणसाला भाड्याने घर मिळेना, निम्मे फ्लॅट पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने गेलेत अशी ओरड गल्लोगल्ली होती. म्हणून नव्या नियमात परवान्यावर घेतलेलं घर पर्यटकांना अल्पमुदतीने देण्यावर बंदी आली. मोडली तर परवाना रद्द आणि पन्नास हजार युरो दंड. ‘भाड्यातूनच हप्ता सुटेल’ असं म्हणणाऱ्या दलालाला एवढं एकच कलम वाचायला सांगा.

घराबद्दल थोडं, कारण तिथं आपल्याला ओळखीचं बरंच सापडतं. अथेन्समध्ये जिकडेतिकडे पाच-सहा मजली इमारती दिसतात. बहुतेक दुसऱ्या महायुद्धानंतरच्या. जागामालकाने प्लॉट बिल्डरला द्यायचा आणि मोबदल्यात फ्लॅट घ्यायचे, या पद्धतीने उभ्या राहिलेल्या. पुण्यातल्या वाड्यांच्या सोसायट्या कशा झाल्या हे पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. प्रत्येक फ्लॅटला जमिनीत हजारांश हिस्सा असतो, त्याच मापाने देखभालखर्च येतो. हस्तांतरण कर तीन टक्क्यांहून किंचित जास्त. आपल्या मुद्रांक शुल्काची सवय असलेल्याला तो स्वस्तच वाटेल.

आणि बाल्कन्या! त्याही तिथं बंदिस्त होतात. विक्रीच्या वेळी इंजिनिअरला दाखला द्यावा लागतो की मंजूर नकाशाबाहेर काही बांधलेलं नाही. त्याशिवाय नोटरी खरेदीखत करत नाही. जुनं वाढीव बांधकाम दंड भरून नियमित होतं. 28 जुलै 2011नंतरचं मात्र होत नाही. म्हणून फोटोत काचेच्या तावदानांची ती छान बैठक दिसली की पहिला प्रश्न हा: ही बसवली कधी? इंजिनिअर आणि वकील विक्रेत्याच्या ओळखीचे घेऊ नयेत.

आता आपल्या बाजूचा हिशेब. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत माणशी, आर्थिक वर्षाला, अडीच लाख डॉलरच बाहेर नेता येतात. चार लाख युरो म्हणजे साडेचार लाख डॉलरच्या आसपास. नवरा-बायकोला मर्यादा एकत्र करावी लागते, आणि ते नियमात बसतं. काही जण निम्मी रक्कम मार्चअखेर आणि उरलेली एप्रिलात पाठवतात, तेही बसतं. भारतातल्या बँकेचं कर्ज यासाठी मिळत नाही, पैसा स्वतःचाच लागतो. वर माणशी दहा लाखांपलीकडच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ गोळा केलेला कर, कापते. हिशेबासाठी युरो शंभर रुपयांचा धरू: चार कोटींतून दोघांचे वीस लाख वजा जाता 76 लाख वेगळे काढून ठेवायचे. विवरणपत्र भरल्यावर ते वळते होतात, पण तोवर अडकतात. त्या विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट असतं, ते दरवर्षी भरायचं, घर कुलूपबंद असलं तरी. राहिलं तर 2015च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो. लोक खरेदीचा थाट करतात आणि हे परिशिष्ट विसरतात.

शेवटी मुलांचं. बहुतेक जण ‘मुलाच्या भविष्यासाठी’ म्हणूनच हा घाट घालतात. वडिलांच्या परवान्यावर मूल 21 वर्षांपर्यंत असतं, पुढे स्वतंत्र परवान्यावर 24पर्यंत. मुलगा आज एकोणीस वर्षांचा असेल तर चार कोटींत त्याच्यासाठी जेमतेम पाच वर्षं विकत मिळतात, त्यातही नोकरी नाही. त्याला तिकडे शिकायचं असेल तर विद्यार्थी व्हिसाचा अर्ज आहेच, त्याला घर लागत नाही. मुलगी पाच वर्षांची असेल आणि तुम्ही खरोखर तिथं राहायला जाणार असाल, तर गणित वेगळं होतं. तेव्हा वकिलाला पहिल्या भेटीत मुलांच्या जन्मतारखा सांगा, फ्लॅट नंतर बघा.

प्रश्नांसाठी अर्धा तास राखून ठेवला आहे. चिठ्ठ्या पुढे पाठवा.