गाळलेल्या पायऱ्या



कै. बाईंच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानासाठी मंडळाने मला बोलावले, हा मी माझा गौरव समजतो. तथापि बोलावणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक नसावी, आणि ती सांगितल्यावाचून येथे उभे राहणे मला प्रशस्त वाटत नाही. ‘शिक्षकी पेशाची महती’ असा विषय मला सुचवण्यात आला होता. त्यावर बोलण्याचा माझा अधिकार थोडा आहे, कारण हा पेशा मी एकदा सोडून गेलो होतो. कसा गेलो आणि का परतलो, एवढेच आज सांगेन.

ज्या संस्थानाने १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या राज्याला लागू केला, त्या संस्थानाच्या राजधानीत शिक्षकाला मान कधीच कमी नव्हता. माझ्या लहानपणी दांडिया बाजारातून बाई चालल्या की दुकानदार हातातला तराजू थांबवून नमस्कार करीत. पण नमस्काराने वाण्याची उधारी फिटत नाही, हेही तितकेच खरे. १९९३ साली मी गणिताचा शिक्षक म्हणून एका शाळेत रुजू झालो आणि २००३ मध्ये राजीनामा दिला. विमा व्यवसाय २००० साली खासगी कंपन्यांना खुला झाला होता. त्यांना बोलकी माणसे हवी होती. त्यातही शिक्षक विशेष हवे असत. शिक्षकाला शेकडो घरांची दारे चहासाठी उघडी असतात, हे त्याचे कारण मला पुष्कळ उशिरा उमगले.

पगार जवळजवळ तिप्पट झाला. घर झाले, गाडी आली. आणि झोप गेली. रोज संध्याकाळी सात वाजता दूरध्वनीवर हिशेब द्यावा लागे: आज किती घरी गेलात, किती अर्ज भरलेत. महिनाअखेर हा एक आजार होता आणि मार्चअखेर हे त्याचे विकोपाला जाणे. चाळिशीतच रक्तदाबाची गोळी सुरू झाली. लोक म्हणतात की ताण कामाच्या ओझ्याने येतो. माझा अनुभव निराळा आहे. ओझे मी वाहिले असते. आपल्याला जे ठाऊक आहे ते समोरच्याला न सांगण्याचे श्रम मला झेपले नाहीत.

ते काय होते, हे जरा सविस्तर सांगतो, कारण ते सातवी-आठवीचेच गणित आहे. त्या काळी बाजाराशी जोडलेल्या विमायोजना विकल्या जात. मी जी योजना विकत असे, तिच्यात पहिल्या वर्षाच्या हप्त्यातून तीस टक्के रक्कम शुल्क म्हणून कापली जाई. पन्नास हजारांचा हप्ता भरला की गुंतत ते पस्तीस हजार. आम्हांला सांगायला शिकवलेले वाक्य असे: ‘बाजार तीस टक्के वाढला की भरून निघाले.’ ऐकणाऱ्याला ते पटे. पण पस्तीस हजारांवर तीस टक्के वाढ म्हणजे साडेदहा हजार. एकूण साडेपंचेचाळीस हजार. पुन्हा पन्नास हजारांवर यायला ४२.८६ टक्के वाढ लागते. शंभरातून तीस टक्के गेले की सत्तर उरतात, आणि सत्तरावर तीस टक्के चढले की एक्क्याण्णवच होतात, हा धडा याच इमारतीत, जिन्याशेजारच्या वर्गात बाईंनी आम्हांला शिकवला होता. कमी-वाढीचे टक्के कशाचे, हे आधी विचारा, असे त्या खडू आपटून सांगत.

२००७ साली मी ती योजना बाईंनाच विकली.

त्या निवृत्त झालेल्या होत्या. मला महिन्याचा आकडा गाठायला एक अर्ज कमी पडत होता. त्यांनी पोहे केले, माझ्या मुलांची चौकशी केली आणि मी बोट ठेवले तेथे सह्या केल्या. उदाहरण दोनदा वाचल्याशिवाय लेखणी उचलू नका म्हणणाऱ्या बाईंनी तो कागद एकदाही वाचला नाही, असे मला वाटले. पुढच्या जानेवारीत मुंबईच्या बाजाराचा निर्देशांक २१,००० च्या वर गेला आणि त्याच वर्षी, २००८ च्या ऑक्टोबरात, ९,००० च्या खाली आला. त्या दिवसांत मी दांडिया बाजाराचा रस्ता टाळून वळसा घालून घरी जात असे. शुल्कांवर मर्यादा घालणारे नियम २०१० च्या सप्टेंबरात आले. तोवर मी ती नोकरी सोडलेली होती.

सोडण्याचा निर्णय शौर्याचा नव्हता. आपल्या गुजरातेत गिजुभाई बधेकांचा दाखला नेहमी दिला जातो. चालती वकिली सोडून ते १९१६ मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेले आणि १९२० मध्ये त्यांनी तेथे बालमंदिर काढले. सत्कारात कुणी माझ्याविषयी बोलताना त्यांचे नाव घेते, तेव्हा मला संकोच होतो. गिजुभाई मुलांकडे गेले. मी हिशेबापासून पळालो. दोन्ही वाटा शाळेतच येत असल्या तरी त्या एक नव्हेत.

राजीनामा देण्यापूर्वी मी बाईंकडे गेलो आणि सारे सांगितले. पुढचे हप्ते मी भरतो म्हणालो. त्यांनी कपाटातून पावती काढली. तिच्या पाठीवर पेन्सिलीने तेच गणित मांडलेले होते, दोन दशांश स्थळांपर्यंत. सह्या केल्या त्याच रात्री केले, म्हणाल्या. मी विचारले, ‘बाई, मग मला बोलावून झापले का नाही?’ त्या म्हणाल्या, ‘तुला उत्तर ठाऊक होते. तू पायऱ्या गाळल्यास. परीक्षेतही तुझी हीच खोड होती.’ हप्त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. चहा मात्र केला.

जून २००९ मध्ये मी पुन्हा वर्गात उभा राहिलो, पगार तिसऱ्या हिश्शावर. घराचे कर्ज पुढे कित्येक वर्षे माझ्या पत्नीच्या पगारातून फिटले, आणि या कथेतला खरा त्याग कुठला असेल तर तो तिचा. शाळेत शांती मिळाली, असे म्हटले तर येथे बसलेले शिक्षक हसतील. साठ मुलांचा वर्ग, निवडणुकीची कामे, घसा बसणे, रात्री वह्यांचे गठ्ठे. गोळी आजही चालू आहे. फरक एवढाच की वहीतली चूक लपवायची नसते, तिच्याभोवती लाल वर्तुळ काढायचे असते. ज्या तरुणांना नोकरीचा वीट आला म्हणून शिक्षक व्हावेसे वाटते, त्यांना मी आधी एक महिना वह्या तपासायला बोलावतो. बहुतेक जण आठवड्यात परत जातात आणि त्यात मला गैर काही दिसत नाही.

शेकडेवारीचा धडा मी दरवर्षी पन्नास हजारांच्या त्याच हप्त्याने शिकवतो. विकणारा कोण, घेणारे कोण, हे सांगत नाही. गेल्या वर्षी बाई गेल्या, त्याच आठवड्यात तो धडा आला. सारे मांडून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला.

‘सर, विकणाऱ्याला हे गणित येत होते का?’

‘येत होते,’ मी म्हणालो. आणि खडू हातात असूनही पुढचे उदाहरण मला काही वेळ सुचेना.