आभाळात हात घालण्याआधी

नैर्ऋत्य मोसमी वारे अणदूर, नळदुर्ग, तुळजापूर या भागात पोचतात तोवर त्यांच्यातला बराचसा ओलावा सह्याद्रीने उतरवून घेतलेला असतो. या पर्जन्यछायेत ढग येतात, पण बरसतीलच अशी खात्री नसते. माणसाने हवामानात हेतुपुरस्सर बदल करावा का, हा आज जगभरच्या तत्त्वचिंतकांपुढचा प्रश्न धाराशिव जिल्ह्याला म्हणूनच परका नाही. ‘कृत्रिम पाऊस’ या नावाने तो मराठवाड्याच्या आभाळात पूर्वीच येऊन गेला आहे.

राज्यात २००३, २०१५ आणि २०१९ मध्ये टंचाईच्या काळात कृत्रिम पावसाचे प्रयोग झाले. विमानातून उष्ण ढगांत कॅल्शियम क्लोराइडचे, तर अतिथंड ढगांत सिल्व्हर आयोडाइडचे कण सोडतात. या कणांमुळे ढगातल्या पाण्याचे मोठे थेंब किंवा हिमकण बनण्यास मदत होते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूर परिसरात याची शास्त्रीय चाचणी घेतली. निवडलेल्या २७६ ढगांपैकी काहींत बीजारोपण केले, उरलेले तुलनेसाठी तसेच सोडले. अनुकूल स्थितीत काही ठिकाणी सुमारे १८ टक्के जास्त पाऊस नोंदला गेला. मात्र ढगच नसेल तर बीजारोपणाचा उपयोग नाही, हेही तितकेच खरे. विमान फिरल्यावर पडलेली प्रत्येक सर विमानाने पाडलेली नसते. म्हणून या क्षेत्रातले पहिले नैतिक कर्तव्य सत्य सांगण्याचे आहे: दुष्काळात पिचलेल्या शेतकऱ्याला पुराव्याबाहेरची आशा दाखवू नये.

कृत्रिम पावसाचा परिणाम काही तासांचा आणि मर्यादित भागापुरता असतो. हवामान-अभियांत्रिकीचे लक्ष्य मात्र सगळी पृथ्वी आहे. तिचे मुख्य मार्ग दोन: हवेतला कार्बन डायऑक्साइड काढून घेणे आणि सूर्यप्रकाशाचा काही भाग परत अवकाशात पाठवणे.

पहिल्या मार्गाचा एक मोठा प्रयोग गोव्याशी जोडलेला आहे. २००९ मध्ये दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मन शास्त्रज्ञांसह दक्षिण महासागरात ‘लोहाफेक्स’ मोहीम राबवली. पाण्यात लोह मिसळून सूक्ष्म वनस्पती वाढवायच्या आणि त्यांनी शोषलेला कार्बन तळाशी न्यायचा, अशी कल्पना होती. वनस्पती वाढल्या, पण सूक्ष्म प्राण्यांनी त्या खाल्ल्या आणि खोल पाण्यात फारच थोडा कार्बन गेला. दुसऱ्या मार्गाची कल्पना ज्वालामुखीवरून आली. १९९१ मध्ये फिलिपीन्समधल्या पिनाटुबोच्या उद्रेकानंतर जगाचे सरासरी तापमान काही काळ सुमारे अर्धा अंश घटले. नोबेलविजेते रसायनशास्त्रज्ञ पॉल क्रुटझेन यांनी २००६ मध्ये गंधकयुक्त कण वरच्या वातावरणात सोडण्याच्या उपायाचा अभ्यास व्हावा, असे गंभीरपणे मांडले.

याकडे पाहण्याच्या तात्त्विक दृष्टी वेगवेगळ्या आहेत. परिणामवादी विचारानुसार कृतीचे मोल तिच्या फळावर ठरते. उष्णतेने होणारी हानी उपायाच्या हानीपेक्षा मोठी असेल, तर उपाय समर्थनीय ठरतो. यावर स्टीफन गार्डिनर या तत्त्वज्ञाचा आक्षेप असा, की दोन वाइटांतून कमी वाईट निवडण्याची वेळ आपल्याच निष्क्रियतेमुळे ओढवत असेल, तर त्या निवडीचे समर्थन अपुरे आहे.

न्यायाची दृष्टी विचारते: लाभ कोणाला, झळ कोणाला आणि संमती कोणाची? केवळ उत्तर गोलार्धात कण सोडले तर आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यातला पाऊस घटू शकतो, असे संगणकीय प्रारूपे दाखवतात. कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या कुठल्याही गावाला यातली भीती समजावून सांगावी लागत नाही. २०२१ मध्ये स्वीडनमध्ये असे कण सोडण्याविषयीच्या संशोधनाचे पूर्वतयारीचे उड्डाण व्हायचे होते. स्थानिक सामी समाजाच्या परिषदेने विरोध केला आणि ते थांबले.

तिसरी दृष्टी पुढच्या पिढ्यांची. वातावरणात सोडलेले कण वर्ष-दोन वर्षांत खाली येतात, पण कार्बन डायऑक्साइडचा परिणाम शतकानुशतके टिकतो. उत्सर्जन चालू ठेवून फवारणी सुरू केली आणि युद्धामुळे वा आर्थिक संकटामुळे ती अचानक थांबली, तर दबून राहिलेली उष्णता झपाट्याने उसळेल. म्हणजे आजचा निर्णय न जन्मलेल्यांवर न मोडता येणारी जबाबदारी लादतो. जर्मन तत्त्वज्ञ हान्स योनास यांनी १९७९ मध्येच सांगितले होते, की तंत्रज्ञानाची ताकद वाढली की जबाबदारीचा पल्लाही भविष्यापर्यंत वाढतो.

गांधीविचार यात दोन कसोट्या देतो: साधनशुद्धी आणि विश्वस्तवृत्ती. विश्वस्ताला ठेव सांभाळायची असते, पणाला लावायची नसते. उपाय हाताशी आहे या भरवशावर मूळ दोष सुधारणे लांबणीवर पडण्याचा धोका इथे सर्वांत मोठा आहे. गावाच्या पातळीवरही तो दिसतो. भूजलाचा बेसुमार उपसा आणि तुटीच्या प्रदेशात उसाला दिलेले पाणी यांवर विमानातून केलेली फवारणी हा इलाज नव्हे. बांधबंदिस्ती, पाणलोटाची कामे आणि पिकांची योग्य निवड यांची जागा ती घेऊ शकत नाही.

या सर्व विचारांतून निष्कर्ष स्पष्ट होतो. संशोधन व्हावे, पण ते उघड, स्वतंत्र तपासणीखाली आणि अपयशाच्या प्रामाणिक नोंदींसह व्हावे. ज्यांच्या आभाळावर परिणाम होणार, त्यांचा शब्द निर्णयात असावा. उत्सर्जन घटवण्याच्या कर्तव्यातून कोणतेही यंत्र सुटका देत नाही. आज पदवी घेणाऱ्यांपैकी कोणी प्रयोगशाळेत जाईल, कोणी शासनात, कोणी शेतात. प्रत्येकाने आपल्या जागी हस्तक्षेपाआधी तीन प्रश्न विचारावेत: पुरावा काय, संमती कोणाची आणि चूक झाल्यास उत्तरदायी कोण? त्यांची उत्तरे मिळेपर्यंत हात आवरण्याचे धैर्य शिक्षणाने दिले पाहिजे.